जानव्याची किल्ली

“बापू, मला फक्त साल सांगा. बाकी काही नको.”

प्रल्हाद खांबेटे हे बोलला तेव्हा अजून पायरीवरच होता. एक बूट काढलेला, एक पायातच. नमस्कार नाही, तब्येत कशी आहे नाही. इतक्या वर्षांनी तोंड दाखवलं आणि आल्या आल्या मागणं!

मी शेजारी मशीनवर बसलो होतो. माझं नाव जगन्नाथ, पण सगळं नगर मला जगन मास्तर म्हणतं. शिंप्याला मास्तरच म्हणतात, त्यात माझी काही करामत नाही. माझं दुकान आणि शांतवनबापूंची खोली, दोन्हींची ओसरी एकच. मध्ये भिंत नाही, नुसता बाक. तिकडं बोललेलं इकडं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. पण म्हणून माणसानं कान काय शिवून घ्यावेत?

बापूंनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

“कोण... प्रल्हाद?”

“हो.”

“दुसरा बूट काढ. मग बस.”

शांतवन साळवे हा माणूस जुन्या खिशातल्या घड्याळांचं साल सांगायचा. साखळीची घड्याळं, पूर्वी कोटाच्या खिशात असायची ती. पार मुंबई-हैदराबादहून लोक यायचे. बापू भिंग लावायचे, घड्याळ फिरवून फिरवून बघायचे आणि साल सांगायचे. सांगितलं की विषय संपला. कुणाच्या भिडेखातर ते साल तसूभर सरकत नसे. एकदा एका सरदार घराण्यातले गृहस्थ त्यांचं साल ऐकून लालबुंद झाले आणि याच पायरीवरून तणतणत उतरले. बापू मला म्हणाले, “मास्तर, चहा आता दोनच सांगा.”

आणि अशा माणसाच्या खोलीत आज एकही घड्याळ चालू नाही. भिंतीवर आहेत, कपाटात आहेत, सगळी गप्प. वेळ मला विचारतात. मी एकदा चिडवलं, “बापू, सगळं जग तुमच्याकडं साल विचारायला येतं आणि तुम्ही शिंप्याला विचारता वाजले किती!” ते हसले नाहीत. म्हणाले, “किल्ली द्यायचं काम रूथचं होतं.”

रूथबाई म्हणजे त्यांची बायको. त्या गेल्या, आणि ते काम तसंच पडून राहिलं. त्यानंतर मी चिडवलं नाही. विचारलं की वेळ सांगतो आणि मशीन चालवतो.

प्रल्हाद त्यांचा शिष्य. लाडका होता. कोपरगावचा मुलगा, कॉलेजसाठी नगरला आला आणि कॉलेज सोडून इथंच बसायला लागला.

बापूंची शिकवायची रीत मोठी जाचक. घड्याळ हातात द्यायचे आणि म्हणायचे, झाकण उघडायचं नाही. आधी बाहेरून वाच. मग दिवसभर ते घड्याळ मुठीत घेऊन बसायचं. संध्याकाळी सांगायचं, काय वाचलंस. झाकण सगळ्यांत शेवटी.

बाकीची पोरं कंटाळून पळाली. प्रल्हाद टिकला, पण त्याला उघडायची भारी घाई. झाकणाच्या आत चांदीवर छाप असतो. छापातलं अक्षर दरवर्षी बदलतं, त्यावरून साल कळतं. यंत्रावर नंबर असतो, त्यावरूनही कळतं. हे सगळं त्याला तोंडपाठ. बापूंची पाठ वळली की झाकण उघडून साल सांगून मोकळा. आणि चुकायचा नाही, हेच त्याचं दुखणं.

मग तो मुंबईला गेला. लिलाव करणाऱ्या एका मोठ्या पेढीत लागला. आता म्हणे एखाद्या घड्याळावर खांबेट्यांनी साल सांगितलं की दुसरं कुणी तोंड उघडत नाही.

तर असा हा प्रल्हाद, केस पांढरे झालेला, बाकावर बसला. पिशवीतून एक खोकं काढलं. खोक्यात कापूस, कापसात चांदीचं घड्याळ.

बापूंनी हातही लावला नाही.

“तुमच्या घरचं आहे,” ते म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“दुसऱ्याचं असतं तर तू मला विचारायला आला असतास का?”

प्रल्हाद खाली बघायला लागला. मला बरं वाटलं. उगीच कशाला खोटं बोलू, बरं वाटलं.

“पणजोबांची गोष्ट आठवते ना तुम्हाला?” तो म्हणाला.

न आठवायला काय झालं! याच ओसरीवर त्यानं ती आम्हाला किती वेळा ऐकवली होती. त्याचे पणजोबा कोपरगावकडच्या एका बारक्या स्टेशनात तारमास्तर होते. एका पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि रेल्वेचा पूल वाहून गेला. समोरून गाडी येत होती. हा माणूस कंदील घेऊन रुळांवरून धावला आणि गाडी थांबवली. गाडीत एक गोरा साहेब होता, बायकामुलांसकट. तो खाली उतरला, तुटलेला पूल बघितला, खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं आणि साखळीसकट यांच्या हातावर ठेवलं. एक शब्द बोलला नाही म्हणे. प्रल्हाद सांगायचा तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा.

“पूर अठराशे शहाऐंशीचा,” प्रल्हाद म्हणाला.

“बरं.”

“घड्याळ अठराशे त्र्याण्णवचं.”

बापूंनी घड्याळाकडं बघितलं.

“छाप बघितला, नंबर बघितला. बाहेरची डबी आणि आतलं यंत्र, दोन्हींवर नंबर एकच. म्हणजे यंत्र कुणी मागून बदललंय म्हणावं, तर तेही नाही. जे घड्याळ अजून जन्मालाच आलं नव्हतं, ते साहेबानं खिशातून काढलं कुठून, बापू?”

“नाही काढलं.”

“तेच म्हणतोय मी! गोष्ट खोटी आहे. आणि रविवारी कोपरगावच्या वाचनालयात हे घड्याळ काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. खाली पाटी. पाटीवर ही गोष्ट. भाऊ भाषण करणार.”

भाऊ म्हणजे त्याचे वडील.

“आणि पाटीच्या खाली माझं नाव. घड्याळाचा काळ ठरवला प्रल्हाद खांबेटे यांनी. मुंबईचा एक जरी जाणकार तिथं आला आणि झाकण उघडलं ना, तर संपलो मी. आयुष्यात एक साल खोटं सांगितलं नाही. तुम्हीच शिकवलंत ते.”

“हो. मीच शिकवलं.”

“मग एकदा तुम्ही साल सांगा. तुमचं माझं एक आलं, की रात्री भाऊंना फोन करतो. कार्यक्रम रद्द करा म्हणतो. गोष्ट खोटी आहे, ती परत कुणाला सांगू नका म्हणतो.”

“फोनवर?”

“समोर गेलो तर ते पुन्हा पहिल्यापासून तीच गोष्ट लावतील, बापू. पूर आला, पूल गेला... नाही ऐकवत आता.”

माझं मशीन थांबलं. मला राग आला. भाऊंना मी ओळखतो. मुलगा इथं शिकत होता तेव्हा महिन्यातून एकदा डबा घेऊन यायचे. किडकिडीत माणूस, कचेरीत कारकून. याच बाकावर बसायचे. “भाऊ, चहा?” म्हटलं तर मान हलवायचे. “ऊन फार आहे ना?” म्हटलं तर मान हलवायचे. निघताना मुलाच्या पाठीवरून हात फिरवायचे, तोही कुणी बघत नाही ना असं बघून. अशा माणसाला जगात एक गोष्ट सांगता येत होती, आणि हा म्हणतो ती सांगू नका.

“कसे आहेत भाऊ?” बापूंनी विचारलं.

“वय झालंय. एकटेच असतात. मुंबईला चला म्हटलं तर येत नाहीत. आता थोडा परिणामही झालाय बहुतेक.”

“कसला?”

“परवा शेजारच्या ठोंबरेकाकू फोनवर सांगत होत्या. सकाळी आंघोळ झाली की देवापुढं उभे राहतात. नुसते उभे. हातात किल्ली धरून. हाक मारली तरी लक्ष नसतं. डॉक्टरला दाखवायला पाहिजे एकदा.”

“किल्ली कसली?”

“ह्याचीच. किल्लीवर चालणारं आहे ना हे. जानव्याला बांधलेली असते त्यांच्या. मी बघतोय तेव्हापासून.”

जुन्या ब्राह्मणांची ती सवय मला माहीत आहे. कपाटाची, पेटीची, जी जपायची ती किल्ली जानव्याला. माप घ्यायला उभे राहिले की सदऱ्यातून खुळखुळते.

बापू नुसतं “हं” म्हणाले.

मग हात पुढं केला. “दे.”

प्रल्हादनं स्वतःचं भिंग पुढं केलं, भारी परदेशी. बापूंनी ते बाजूला सारलं आणि आपलं जुनं डोळ्याला लावलं. आणि घड्याळ हातात घेतल्याबरोबर झाकण उघडलं.

मी बघतच राहिलो. एवढ्या वर्षांत बापूंनी आधी झाकण उघडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रल्हादनंही माझ्याकडं चमकून बघितलं.

त्यांनी आतला छाप बघितला. यंत्र बघितलं. झाकण लावलं.

“अठराशे त्र्याण्णव. बरोबर आहे तुझं.”

प्रल्हादनं श्वास सोडला. “झालं तर मग.”

त्यानं घड्याळ परत घ्यायला हात केला. बापूंनी त्या हातात घड्याळ ठेवलं, पण सोडलं नाही. त्याची बोटं एकेक करून वर मिटवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

“आतलं संपलं. आता बाहेरून वाच.”

“बापू...”

“डोळे मिट.”

“मी आता विद्यार्थी नाही राहिलो, बापू.”

“ते दिसतंय. मिट डोळे.”

मिटले बिचाऱ्यानं. एवढा मोठा मुंबईचा माणूस, पण बापूंनी त्या आवाजात सांगितलं की कुणीही मिटले असते. मी सुद्धा मिटणार होतो.

“काय लागतंय हाताला?”

“चांदी. झाकण पातळ झालंय, हाताळून हाताळून. साखळीचं कडं एका बाजूनं झिजलंय. माणूस डाव्या खिशात ठेवणारा.”

“पुढं.”

“काठाला खाचा आहेत. आपटल्याच्या. नुकसान म्हणून धरल्यात मी त्या.”

“किती?”

“चार.”

“कुठं?”

“दोन झाकणाच्या काठावर... दोन खालच्या काठावर. समोरासमोर.”

“घड्याळ पडलं तर वरून आणि खालून एकदम आपटतं?”

प्रल्हादनं डोळे उघडले.

“मिट.”

“...कशात तरी दाबलं गेलं असेल. चिमट्यात.”

“चिमट्याची खाच कशी असते?”

“सरळ.”

“ही?”

त्याचा अंगठा काठावरून फिरत होता. पुढं गेला, मागं आला.

“बारीक आहे. बसकी. दोन शेजारी शेजारी...”

अंगठा थांबला.

मला कळलं होतं. मला नातवंडं आहेत. आमच्या घरी चांदीची वाटी आहे, बारशाची, तिचा काठ असाच झालाय. पण मी दाताखाली दोरा धरला आणि गप्प बसलो. ते माझं सांगायचं काम नव्हतं.

“भाऊंच्या खिशात हे आलं तेव्हापासून घरात लहान मूल कोण होतं?” बापूंनी विचारलं.

“मीच. मी एकटाच.”

समोरच्या मिशनच्या आवारात पोरं खेळत होती, तेवढा आवाज येत होता.

“दात,” प्रल्हाद म्हणाला.

“कुणाचे?”

“...माझे.”

“साल सांग.”

“वरचे दोन, खालचे दोन. म्हणजे वर्षाचा असेन. एकोणीसशे... छप्पन्न.”

“बरोबर. आता खाचेचा काठ कसा आहे?”

“बोथट.”

“चांदी चावली तर काठ कसा राहतो?”

“बोटाला लागतो. टोचतो.”

“मग हा बोथट कसा झाला? पॉलिशनं?”

“नाही. पॉलिशला दिलं असतं तर सराफानं आधी खाचाच काढल्या असत्या. एवढंसं काम आहे ते.”

“दिलं नाही.”

“नाही.”

“मग?”

प्रल्हादचा स्वतःचा अंगठा त्याच खाचेत बसला होता.

“अंगठ्यानं,” तो म्हणाला. “अंगठा फिरवून फिरवून.”

“किती वर्षं लागतात चांदी अशी व्हायला?”

हे त्याला नक्की सांगता आलं असतं. झीज बघून वर्षं सांगणं हाच त्याचा धंदा. पण त्यानं नाही सांगितलं.

मला भाऊ डोळ्यांपुढं दिसले. बायको लवकर गेलेली, मुलगा आधी नगरला, मग मुंबईला. घरात दुसरं माणूस नाही. खुर्चीत बसून खिशात हात घातलेला, आणि अंगठा आत हळूहळू फिरतोय. वाईट वाटलं हो मला. फार वाईट वाटलं.

प्रल्हादनं डोळे पुसले आणि ताठ बसला. हट्टी माणूस.

“पण बापू, ह्यानं गोष्ट खरी होत नाही.”

“नाही होत.”

“साल बदलत नाही.”

“नाही बदलत.”

“मग हे सगळं मला कशाला वाचायला लावलंत?”

“घड्याळाचं साल काढलंस. खाचांचं काढलंस. आता गोष्टीचं काढ.”

“गोष्टीचं साल? म्हणजे काय?”

“पहिल्यांदा कधी ऐकलीस?”

“लहानपणापासून ऐकतोय.”

“हे साल झालं का? गिऱ्हाईकाला असं सांगतोस?”

प्रल्हादच्या कपाळाला आठ्या पडल्या. जुन्या वस्तूचा माग काढताना त्याचा चेहरा असाच व्हायचा, पूर्वीही.

“पहिलीत होतो,” तो म्हणाला. “आई गेली त्या वर्षी.”

“हं.”

“मी जेवत नव्हतो. ताटावर बसायचो आणि तसाच उठायचो. भाऊंना स्वयंपाक येत नव्हता, बोलणं तर मुळातच येत नव्हतं. एक दिवस त्यांनी घड्याळ काढलं आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाले, हे कुणी दिलं ठाऊक आहे का?”

तो थांबला. बापूंनी घाई केली नाही.

“पूर आला, असं म्हणाले आणि थांबले. मी विचारलं, मग? तर म्हणाले, घास घे. मी घेतला. पूल गेला म्हणाले. परत थांबले. मी परत घास घेतला. गाडी यायची, पणजोबा धावत सुटायचे, आणि मी जेवून होईपर्यंत गाडी काही थांबायची नाही. ताट संपलं की थांबायची.”

“दुसऱ्या दिवशी?”

“मीच मागितली. रोज मागायचो. कंदील त्यात नंतर आला. आधी पणजोबा नुसते हात हलवत धावायचे... मी म्हटलं, भाऊ, अंधारात ड्रायव्हरला दिसणार कसं? मग भाऊंनी कंदील दिला त्यांच्या हातात.”

हे बोलला आणि स्वतःच आपल्या बोलण्याकडं बघत राहिला. तोंडातून निघून गेलं होतं त्याच्या.

“आई असताना सांगायचे?”

“नाही,” प्रल्हाद हळू म्हणाला. “आई असताना कधीच नाही.”

“मग गावाला कुणी सांगितली? भाऊंनी?”

ओसरीवरचं ऊन बाकाखाली उतरलं होतं. मी दिवा लावायला उठायला पाहिजे होतं. उठलो नाही.

“मी,” प्रल्हाद म्हणाला. “शाळेत सांगितली. गुरुजींनी मला सगळ्या वर्गापुढं उभं केलं, सांग म्हणाले. मग दुसऱ्या वर्गात. संध्याकाळी गुरुजी घरी आले. मी दाराआड होतो. त्यांनी विचारलं, काय हो खांबेटे, पोरगा सांगतो ते खरं का? आमच्या कानावर कधी आलं नाही.”

“भाऊ काय म्हणाले?”

“गुरुजींकडं बघितलंच नाही त्यांनी. दाराआड मी होतो, माझ्याकडं बघत राहिले. मी घाबरलो होतो... का घाबरलो होतो मी, बापू? मला तर ती खरीच वाटत होती.”

त्यानं मुठीतल्या घड्याळाकडं बघितलं.

“आणि मग म्हणाले, हो. खरं आहे.”

झालं. त्या एका ‘हो’पायी त्या मुक्या माणसाला गावभर बोलावं लागलं. लग्नामुंजीत लोक धरून बसवायचे, भाऊ, ती साहेबाची गोष्ट! नाही म्हणायची सोय राहिली होती का? नाही म्हणाले असते तर पोरगा खोटारडा ठरला असता. मी खाकरलो, तर बापूंनी नुसता हात वर केला, माझ्याकडं न बघता.

प्रल्हादनं वर बघितलं.

“मग रविवारी मी काय करू? पाटीवर शहाऐंशी लिहून सही करू?”

“नाही.”

“त्र्याण्णव सांगून भाऊंना सगळ्या गावापुढं खोटं पाडू?”

“नाही.”

“फोन करू?”

बापूंनी मान हलवली.

“मग काय करू, बापू? तुम्ही नुसतं नाही म्हणताय!”

बापूंनी त्याच्या मुठीतून घड्याळ घेतलं. कानाशी नेलं. कान लावून कितीतरी वेळ बसले. मला वाटलं, ऐकू येतंय की काय काही.

“बंद आहे.”

“बंदच असणार. किल्ली नाही ना. दिवाळीत तपासायला म्हणून घेऊन आलो, तेव्हापासून बंद आहे. मी म्हटलं होतं, भाऊ, किल्लीही द्या. तर म्हणाले, किल्ली राहू दे माझ्याकडं. तू घड्याळ लवकर आण.”

दिवाळी होऊन थंडी सरत आली होती.

बापूंनी मान वळवली आणि उघड्या दारातून आपल्या खोलीत बघितलं. भिंतीवर त्यांची घड्याळं होती. एकाचा काटा कुठं, दुसऱ्याचा कुठं. त्या भिंतीकडं ते सहसा बघत नाहीत. आज बघितलं, आणि बघतच राहिले. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

“मास्तर,” त्यांनी हाक मारली. “वाजले किती?”

“साडेसहा होत आले, बापू.”

“हं.” मग प्रल्हादकडं वळले. “भाऊ किल्ली केव्हा देतात?”

“सकाळी. सहाला. आंघोळ झाली की देवापुढं उभे राहून...”

वाक्य तिथंच राहिलं. प्रल्हाद माझ्याकडं बघायला लागला, मग बापूंकडं.

बापूंनी कापसाचं खोकं उचलून बाकाखाली सारलं. घड्याळ तसंच, उघडं, त्याच्या हातावर ठेवलं.

“उद्या सहाच्या आत पोच.”